एका नावाच्या दोन तारखा

“नक्षी नको, खडा नको. साधी, गोल पाठीची करा,” ब्रिजिट म्हणाली आणि तिने डावा हात माझ्यापुढे गादीवर ठेवला.

मी मापाच्या कड्यांचा जुडगा उचलला. तिची बोटं कामाची होती, पेरांशी जाड. बारा नंबरची कडी अर्ध्यावर अडली, तेराची पेरावर रुतली, चौदाची नीट बसली. मी वहीत चौदा लिहिलं. शेजारी इनास तुस्कानो टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता, आणि दुकानाच्या पायरीवर, आमच्याकडे पाठ करून, त्याची सात वर्षांची मुलगी सबिना बसली होती. आत ये म्हटलं तरी ती आली नाही. मी दिलेली बत्ताशांची पुडीही तिने तशीच बाजूला ठेवली.

गोष्ट १९८० च्या फेब्रुवारीतली आहे. आज मी दुकानात बसत नाही, हात थरथरतात. पण त्या वर्षी मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. आमचं दुकान वसईत, पापडीच्या बाजारात. आम्ही दैवज्ञ सोनार, पण गिऱ्हाईक निम्म्याहून जास्त ख्रिस्ती. राखेच्या बुधवारी त्यांचा उपवासकाळ सुरू झाला की लग्नं बंद, म्हणून त्याआधीच्या आठवड्यात आमच्याकडे अंगठ्यांची नुसती झुंबड उडायची. नवरीच्या अंगठीत आतून नवऱ्याचं नाव आणि लग्नाची तारीख, नवऱ्याच्या अंगठीत नवरीचं, असा रिवाज. देवळात फादर त्या मंतरून देत आणि मग त्या बोटातून निघत नसत.

इनास गिरीजकडचा वाडीवाला, केळी आणि पानवेलीचा. त्याची पहिली बायको ओलिंदा सहा वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेली होती. ब्रिजिट दवाखान्यात नर्स होती, बत्तीस वर्षांची, स्पष्ट बोलणारी. मला ती आवडली. मी तिला अंगठी सांभाळायचं सगळं शास्त्र सांगितलं. बावीस कॅरेटचं सोनं मऊ असतं, ड्यूटीवर जाताना काढून ठेवा. ब्लीचिंग पावडर आणि सोडा सोन्याच्या जिवावर उठतात. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात रिठा भिजवून मऊ ब्रशने धुवा, दात घासायची पेस्ट लावू नका. आणि काढाल तेव्हा एकाच ठरलेल्या जागी ठेवा, विहिरीच्या कठड्यावर कधीच नको.

ती हसली. पायरीवरून सबिना उठून बाजाराकडे निघाली तसा इनास तिला आणायला धावला. तो दूर जाईपर्यंत ब्रिजिट थांबली आणि मग खालच्या आवाजात बोलली.

“शेट, एक मागते. इनासकडे पहिल्या बाईचं सोनं असेल. त्यातलं गुंजभरही माझ्या अंगठीत घालू नका. तिचा मला राग नाही. पण घर तिचं, भांड्यांवर नाव तिचं, मूल तिचं. ते मूल तर माझ्या सावलीलाही उभं राहत नाही. ही एक वस्तू तरी माझी असू द्या.”

मी म्हणालो, “सिस्टर, माझा शब्द.”

दुसऱ्या दिवशी दुपारी इनास एकटा आला. खिशातून त्याने गाठ मारलेला रुमाल काढला आणि सोडला. आत अंगठी होती. ही वितळवून ब्रिजिटची करायची, असं त्याचं म्हणणं. मी त्याला माझा शब्द सांगितला. त्याने रुमालाची टोकं जुळवली, पुन्हा सोडली.

मग त्याने जे सांगितलं ते असं. अंगठी त्याला घरात ठेवता येत नव्हती. कपाटात ठेवली, पोरीने काढली. तांदळाच्या डब्यात पुरली, काढली. शेवटी विहिरीच्या आतल्या बाजूला, दगडांच्या फटीत, मोठ्या माणसाचा हातही जेमतेम पोचेल अशा जागी ठेवली. सकाळी ती झोपलेल्या सबिनाच्या मुठीत होती आणि पोरीचे कपडे कोरडे होते. विकावी तर कुणा परक्या बाईच्या बोटात जाणार. टाकून देववत नव्हती.

“आगीत गेली की ती राहणारच नाही ना, मधूशेट? मग ब्रिजिटला सांगायचं कशाला?” तो म्हणाला.

आमच्याकडे गिऱ्हाइकाचं सोनं गिऱ्हाइकासमोरच वितळवायची पद्धत होती. मी म्हटलं, वितळवायचीच तर तुला समोर बसावं लागेल. तो ताडकन उठला. “मी नाही बघणार,” एवढं बोलून पायरी उतरून गेला. त्याची मला कीव आली, आणि कीव आली की माणूस शब्द मोडायला मोकळा होतो. मी अंगठी ठेवून घेतली.

माझे वडील, अण्णा, दुकानाच्या कोपऱ्यात लोडाला टेकून बसायचे. मोतीबिंदूने दोन वर्षांपूर्वी डोळे गेले होते, पण बोटं शाबूत होती. त्यांनी हात पुढे केला. मी अंगठी दिली. त्यांनी ती फिरवून पाहिली, आतून नख फिरवलं, मग नाकाशी नेली.

“ही ओलिंदाची,” ते म्हणाले.

“कशावरून?”

“‘इनास’मधल्या ‘स’ची शेपटी लांब गेलीय. माझी कोरणी घसरली होती तिथं.” अंगठी त्यांनी गादीवर ठेवली आणि बोटं धोतराला पुसली. “मधू, मी तिच्या मयताला गेलो होतो. पेटीत हातांभोवती रोझरी गुंडाळलेली होती आणि ही बोटात होती. तिची सासू म्हणाली, राहू दे, तिची आहे. झाकण लागलं तेव्हा मी समोर उभा होतो.”

मी तसाच बाजारात गेलो आणि बसथांब्यावर इनासला गाठलं. त्याने खाली मान घालून कबूल केलं. ऑगस्टमध्ये त्याची आई वारली. एकाच घरची माणसं एकाच कबरीत ठेवतात, म्हणून जुनी कबर उघडली, आधीची हाडं गोळा करून बाजूला घेतली. खणणाऱ्याने मातीतून अंगठी काढून त्याच्या हातावर ठेवली. ओलिंदाचं काही म्हणता काही ओळखू येत नव्हतं, आणि अंगठी मात्र काल घातल्यासारखी.

अण्णांना मी हे सांगितल्यावर ते म्हणाले, “मातीला दिलेलं सोनं मातीचं. परत कर त्याला. नेऊन ठेव म्हणावं जिथली तिथं.” मी हो म्हटलं. संध्याकाळी विचारलं तेव्हा परत केली असं सांगितलं. आंधळ्या बापाशी खोटं बोलणं फारच सोपं असतं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी अण्णा जेवायला घरी गेल्यावर मी शेगडी पेटवली, अंगठी मुशीत टाकली, सोनं लवकर वितळावं म्हणून टाकणखार घातला आणि फुंकणी तोंडाला लावली. सोनं लाल झालं, मग पिवळं. एवढ्यात कडा सुटून त्याचा थेंब व्हायला हवा होता. अंगठी आपली मुशीच्या तळाशी तशीच, गोलच्या गोल, तापून बसलेली. मी गाल दुखेपर्यंत फुंकलं. कोळसा ओला असेल म्हणून दुसरा घातला. तेव्हा मूस टचकन तडकली आणि दोन तुकडे झाली. असं होतं कधी कधी. मी नवी मूस घेतली. तीही निम्म्यात तडकली. निखाऱ्यातून चिमट्याने अंगठी काढली तर तिच्या आतली अक्षरं जशीच्या तशी होती.

त्या आठवड्यात माझ्याकडे सात जोड्यांचं काम होतं. लग्न तीन दिवसांवर. मी अंगठी निवल्यावर सहज म्हणून मापाच्या सळईवर चढवली. निमुळत्या सळईवर ती घसरत गेली आणि चौदाच्या खुणेवर थांबली. ब्रिजिटचं माप.

मी अण्णांची जुनी वही काढली. मे महिना, १९६९. ओलिंदा, गोल पाठीची, माप अकरा.

अकराची अंगठी चौदा होत नाही. ती ठोकून वाढवली तर पातळ होते, हातोडीच्या खुणा राहतात. या अंगठीवर खूण नव्हती आणि वजन वहीतल्याइतकंच होतं. मी स्वतःची समजूत घातली की अण्णांनी वहीत चूक केली असेल. अण्णांनी तीस वर्षांत वहीत चूक केली नव्हती हे मला ठाऊक होतं, तरी घातली.

आणि मग तो विचार सुचला. माप तंतोतंत. घडण तीच, साधी, गोल पाठीची. नावसुद्धा तेच, इनास. बदलायची काय, तर फक्त तारीख. घासून काढावी तर अंगठी पातळ झाली असती, म्हणून मी जुन्या तारखेच्या कोरीव रेघांत डाक भरला. डाक म्हणजे सांधे जोडायचं हलकं सोनं, त्यात तांबं-चांदी जास्त. वरून घासलं, चमकवलं. बोट फिरवलं तरी कळेना. नावाच्या एका बाजूला १२-५-६९ पुसली गेली आणि दुसऱ्या बाजूला मी १८-२-८० कोरली. तासाभराचं काम. इनासला सांगितलं, वितळवून केली. ब्रिजिटला सांगितलं, नव्या सोन्याची.

लग्नाला मी गेलो होतो. फादरनी अंगठ्यांवर पाणी शिंपडलं. इनासने ब्रिजिटचा हात धरला, आणि खरं सांगतो, त्याला ती सरकवावी लागली नाही. पेरावरून ती आपली आपण गेली. तेवढ्यात पहिल्या बाकावरून सबिना उठली, वेदीच्या पायऱ्या चढली आणि तिने ब्रिजिटचं ते बोट मुठीत धरलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. ब्रिजिट रडायला लागली, आनंदाने. मला मात्र त्या गर्दीत बसवेना. जेवणाला न थांबता मी घरी आलो.

जूनमध्ये ब्रिजिट अंगठी धुवून घ्यायला आली. सबिना तिच्या डाव्या हाताला लटकलेली. ब्रिजिटचा चेहरा भरला होता. पोर शाळेत जाताना, झोपताना, माझा हातच सोडत नाही म्हणून कौतुकाने सांगत होती. मी विचारलं, ड्यूटीवर काढता ना? ती म्हणाली, काढायला गेलं की ही किंचाळते, म्हणून नाहीच काढत. साबण लावूनही निघेना, तेव्हा मी बोट तसंच वाटीत धरायला सांगितलं आणि रिठ्याच्या पाण्यात ब्रश फिरवला. पाणी गढुळलं. वाटीच्या तळाशी बारीक काळसर माती बसली. ब्रिजिट म्हणाली, वाडीतली असेल. मी पुन्हा स्वच्छ पाणी घेतलं. पुन्हा तेवढीच माती.

निघताना ती सहज म्हणाली, “मला एक वाईट खोड लागलीय, शेट. अंगठ्याने अंगठी फिरवत राहते. परवा जेवताना फिरवत होते, तर इनास ताटावरून उठून गेले. काय झालं ते सांगेनात.”

ती गेल्यावर कोपऱ्यातून अण्णांचा आवाज आला. “माप द्यायला आली होती तेव्हा ओलिंदाही अशीच फिरवत होती, आईची अंगठी. मी म्हटलं होतं तिला, झिजेल.” त्यांनी मान माझ्याकडे वळवली. “तू परत केली नाहीस ना, मधू?”

मी वाटीतलं पाणी बाहेर ओतून आलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून पायरीवर पाऊल वाजलं की मी हातातलं काम ठेवून आधी कोण आलं ते बघायचो.

ऑक्टोबरच्या वीस-बावीस तारखेला ती आली. एकटी. गणवेशावरच होती. समोर बसली आणि तिने डावी मूठ गादीवर ठेवली.

“काल ड्यूटीवर ब्लीचिंगच्या पाण्यात हात होता,” ती म्हणाली. “बोट आग आग करायला लागलं, म्हणून ओढली. इतके महिने निघत नव्हती, काल पेरापर्यंत आली. आतून काहीतरी काळं दिसलं. तुमचं भिंग द्या.”

भिंगाची गरज नव्हती. पेरावर तिरक्या अडकलेल्या अंगठीची, बोटापासून सुटलेली आतली बाजू तिने माझ्याकडे वळवली. नावाच्या उजवीकडे माझी तारीख, पिवळी, जेमतेम दिसणारी. डावीकडे शाईने लिहावेत तसे काळेभोर आकडे. बारा, पाच, एकोणसत्तर. डाकातलं तांबं त्या तिखट पाण्यात काळं पडलं होतं. कुठल्याही सोनाराला हे कळायला हवं होतं, मलाही कळायला हवं होतं. मी तिला तेच सांगायला तोंड उघडलं.

“आमच्या ओटीवर त्यांच्या लग्नाचा फोटो आहे,” ती म्हणाली. “खाली हीच तारीख आहे. रोज पुसते मी तो फोटो.”

मग मी सगळं सांगितलं. रुमाल, कबर, मूस, डाक. एक शब्द गाळला नाही. ती ओरडेल, अंगठी तोंडावर फेकेल, बाजार गोळा करेल, असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. ती नुसती ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा अंगठा अंगठीवर फिरत होता, आणि ते लक्षात येताच तिने हात झटकला.

“मला वाटलं होतं, पोरीला माझा लळा लागला,” ती म्हणाली.

ती पुढे म्हणाली, “आठ महिने ती माझा हात धरून झोपते. फक्त हाच. उजवा पुढे केला तर पाठ फिरवते. मी म्हटलं, असते एकेका मुलाची सवय.” तिचा आवाज फुटला. “म्हणजे माझं काहीच नव्हतं त्यात.”

तिने अंगठी ओढली. इतक्या महिन्यांची हट्टी अंगठी पेरावरून घरंगळत आली आणि गादीवर पडून माझ्याकडे सरकली. मी ती उचलून सळईवर चढवली. का चढवली सांगता येत नाही, हाताची सवय.

“किती?” अण्णांनी कोपऱ्यातून विचारलं.

“अकरा,” मी म्हणालो.

ब्रिजिटने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या जाड बोटाकडे. त्यावर पांढरा वण होता. ती म्हणाली, “दोन नोव्हेंबरला कबरी सजवतात. त्या दिवशी देऊ तिची तिला. तुम्ही यायचं. आणि मला माझी करून द्या, माझ्यासमोर.”

ती समोर बसली आणि मी नवं सोनं वितळवलं. पहिल्याच फुंकरीत ते थेंब होऊन मुशीत नाचलं. माप चौदा. नाव इनास, तारीख एकच.

त्या दहा-अकरा दिवसांत इनास दोनदा दुकानात आला. मला शिव्या द्यायला आला असेल असं वाटलं, पण तो नुसताच बसून राहायचा. ब्रिजिटने त्याला काही ऐकवलं नव्हतं. पोर मात्र पुन्हा पहिल्यासारखी झाली होती. नवी अंगठी घातलेला हात तिने एकदा हुंगला आणि सोडून दिला. त्यानंतर ती ओटीच्या पायरीवर, सगळ्यांकडे पाठ करून बसायची. ब्रिजिटने ताट नेलं तर ते तिथेच राहायचं. ब्रिजिट पुन्हा दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला जायचं म्हणते, असं इनास म्हणाला. आणि हे सगळं माझ्या एका तासाच्या कामामुळे.

दोन नोव्हेंबरला मी गेलो. दिवस कलत होता. दफनभूमीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक कबरीवर झेंडू, शेवंती, मेणबत्त्या, आणि माणसं घरातल्यासारखी गप्पा मारत बसलेली. तुस्कानोंच्या कबरीपाशी मात्र कुणी बोलत नव्हतं. इनासने क्रूसाच्या पायथ्याशी खुरप्याने वीतभर खड्डा केला. सबिना दोन हात लांब उभी होती. तिची नजर माझ्या खिशावर होती. अंगठी कुठे आहे ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी अंगठी काढून ब्रिजिटकडे दिली. ती गुडघ्यांवर बसली. तिने ती खड्ड्यात टाकली नाही, नीट ठेवली, नावाची बाजू वर करून.

“तुझी तुला,” ती म्हणाली. “मी चोरली नव्हती. मला माहीत नव्हतं.”

वारा नव्हता, पण त्या कबरीवरच्या सगळ्या मेणबत्त्या एकदम आडव्या झाल्या आणि पुन्हा सरळ झाल्या. शेजारच्या कबरीवरची एकही हलली नाही. इनासने छातीवर क्रूस केला. ब्रिजिटने खुरपं मागितलं नाही. उजव्या हातानेच माती लोटली, थापटली, आणि तशीच बसून राहिली. उठून मागे बघायची तिला भीती वाटत होती. मलाही वाटत होती. पोर किंचाळेल, माती उकरेल, याची आम्ही तिघेही वाट पाहत होतो.

सबिना पुढे आली. मातीकडे तिने पाहिलं, फार वेळ नाही. मग ब्रिजिटच्या डाव्या बाजूने, नव्या अंगठीच्या हाताजवळून ती गेली. तो हात ब्रिजिटने नकळत पुढे केला, पण तिने तो धरला नाही. ब्रिजिटने डोळे मिटून घेतले.

पोर कबरीला वळसा घालून पलीकडून आली आणि तिने ब्रिजिटचा उजवा हात धरला. मातीने भरलेला. त्या हातात कधीच काही नव्हतं.